घराच्या ताब्यासोबत गाड्यांचेही लिहून द्या

महोदय,

रेल्वे आणि मेट्रो स्थानकांभोवती घरे उभारण्यासाठी सरकारी यंत्रणांनी एकत्र यावे, असे हल्ली वारंवार बोलले जाते. नवी मुंबईत हे फार पूर्वीच झाले आहे. माझी अर्धी नोकरी त्याच्या आधाराने पार पडली, म्हणून हे पत्र.

१९८७ साली लालबागची खोली सोडून आम्ही वाशीला जेएन टाइपच्या इमारतीत राहायला आलो. यजमान कांदा-बटाटा बाजारात मापाडी. बाजार मुंबईतून इकडे आला, मागोमाग आम्हीही आलो. माझी शाळा मात्र चेंबूरला. सकाळी बसच्या रांगेत उभे राहायचे आणि खाडीपुलावर गाड्या तुंबल्या की पहिल्या तासाला माझा वर्ग कोण सांभाळत असेल, या काळजीत बसून राहायचे. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. शाळेला सुट्टी होती, तरी मुलाला घेऊन मी मुद्दाम खाडीवरून जाऊन आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मला घरातून पाऊण तास उशिरा निघता येऊ लागले. त्या पाऊण तासात मी मुलाचा अभ्यास घेतला.

त्या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. रेल्वे आली की भोवतालच्या जमिनीला भाव येतो, आणि जमीन सिडकोकडे होती. त्याच भावातून रुळांचा पैसा काढायचा, असा तो हिशेब होता. वाशी आणि बेलापूर स्थानकांवर कार्यालयांच्या इमारती चढल्या, त्या याच विचाराने. आम्ही प्रवाशांनीही तिकिटामागे अधिभार भरला. आणि ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसले, त्यांनी तर सगळ्यांच्या आधी दिले.

आता माझा मुलगा आणि सून बामणडोंगरीला राहतात. सोडतीत लागलेले घर, स्थानकाजवळच. नेरूळ-बेलापूर ते उरण हा मार्गही ६७ आणि ३३ टक्के अशाच वाटणीतून झाला. खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये, पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. घर पाहिले तेव्हा मला खूप आनंद झाला. सून सानपाड्याला एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला नेरूळला गाडी बदलावी लागते, आणि बेलापूरची गाडी मिळाली तर बेलापूरला. हार्बरसारखी एका मागोमाग एक गाडी या मार्गावर नाही. दुपारपाळी संपवून निघताना रुग्णाचे काही निघाले आणि दहा मिनिटे मोडली, की पुढचा सगळा मेळ चुकतो. मग फलाटावर थांबायचे, नाहीतर रिक्षाला पैसे मोजायचे. बसचेही सोपे नाही. बामणडोंगरी स्थानक ज्या उलवे वसाहतीत आहे, ती नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाही, पण बस महापालिकेच्या परिवहन सेवेची. वस्ती एकाची, रूळ दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची. रात्रीच्या शेवटच्या गाडीला बस जोडलेली हवी, हे सांगायला नेमके कोणाकडे जायचे?

माझे मागणे एवढेच आहे. स्थानकालगतच्या घरांची सोडत काढण्यापूर्वी सिडको, रेल्वे आणि परिवहन सेवा यांनी एका कागदावर सह्या कराव्यात. ताबा देण्याच्या दिवसापासून सकाळी आणि रात्री तासाला किती गाड्या, शेवटची गाडी किती वाजता, तिला जोडून बस कोणती, स्थानकापासून इमारतीपर्यंतच्या पायवाटेवरचे दिवे कोण सांभाळणार, हे सारे त्यात असावे. सोडतीच्या माहितीपुस्तिकेत तो कागद घराच्या किमतीशेजारी छापावा. आम्ही घर घेताना चटईक्षेत्र पाहतो, हप्ता पाहतो; हेही पाहू. रुळांसाठी पैशांची वाटणी टक्क्यांत लिहिता आली, तर गाड्यांची संख्या लिहिणेही अवघड नाही. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या आसपास आणखी घरे होतील. तिथल्या लोकांना तरी हा कागद आधी मिळू द्या.

या आठवड्यात सुनेची दुपारपाळी आहे. घरी पोहोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत मी जागीच असते.

— एक निवृत्त शिक्षिका, वाशी, नवी मुंबई