रंगांच्या आधी करडं दाखवलंत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

हे आभार तुम्हाला एकटीला कळवता आले असते. पण डिजिटल निसर्गचित्रं करणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

माझं ते दरीचं चित्र आठवतंय ना? सांजवेळ, मागे तीन डोंगररांगा, मधून नदी, पुढे एक झाड. दोन आठवडे मी नुसते रंग बदलत होते. आकाश केशरी, मग गुलाबी, मग परत केशरी. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, वाढवावी तसं चित्र भडक होत गेलं, पण त्यात उजेड काही येईना. "कोणता रंग चुकतोय?" असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "रंग राहू दे. आधी चित्र करडं करून बघ."

मी सॅच्युरेशन शून्यावर आणलं. तिथेही तुम्ही थांबवलंत. तशानं शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्यात जातात, डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. त्याऐवजी सगळ्यात वर काळा थर टाकायचा, त्याचा ब्लेंड मोड (थर खालच्या चित्रात कसा मिसळेल ते ठरवणारी सोय) 'कलर' ठेवायचा, म्हणजे रंग जाऊन फक्त उजेड-अंधार उरतो, आणि हवा तेव्हा चालू-बंद करायचा. तो थर चालू केला आणि डोंगर, झाड, नदीकाठ सगळं एकाच करड्यात विरघळलं. केवळ रंग निराळे म्हणून मला ते वेगळे भासत होते. पोटात धस्स झालं, पण दोन आठवडे काय अडलं होतं ते एका क्षणात कळलं.

मग तुम्ही चारच करड्या छटा घेतल्यात. झाड सर्वांत गडद, त्यामागची प्रत्येक रांग थोडी फिकी, शेवटची जवळपास आकाशात मिसळलेली. मी दूरच्या डोंगरातही काळ्याभोर सावल्या भरल्या होत्या. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, आणि मध्ये हवा जितकी जास्त तितक्या पलीकडच्या सावल्या फिक्या नि निळसर होतात, हे मी शाळेत शिकले होते. ते हाताला कधी सांगितलंच नव्हतं.

नदीचं तर मला अजून नवल वाटतं. मी भरलेला गर्द निळा काढून तुम्ही तिथे एक राखाडी लावलात, आणि पाणी निळं दिसायला लागलं. विश्वास बसेना म्हणून आयड्रॉपरनं, म्हणजे चित्रातला नेमका रंग उचलून दाखवणाऱ्या साधनानं, तपासलं. राखाडीच, तोही किंचित तपकिरीकडे झुकलेला! शेजारच्या केशरीनं त्याला निळा केला होता. विणकामासाठी रंगवलेल्या धाग्यांच्या रंगांबद्दलच्या तक्रारींचा माग काढत शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 साली हेच मांडलं होतं, ते तुमच्यामुळे समजलं.

रचनेबद्दल तुम्ही थोडंच बोललात. एक तृतीयांशाचा नियम (चित्राचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून महत्त्वाच्या गोष्टी त्या रेषांवर ठेवायच्या) काढला नाहीत, ते बरं केलंत, कारण तो मी पाळला होता आणि तरी नजर नदीबरोबर वाहत कोपऱ्यातून बाहेर जात होती. तुम्ही झाड त्या कोपऱ्याकडे सरकवलंत, आणि सगळ्यात तीव्र उजेड-अंधार एकाच जागी ठेवलात: खोडाची कड आणि तिच्यामागे चमकणारं पाणी. चित्र नखाएवढं करून पाहिलं तरी डोळा तिथेच जाऊन थांबतो.

पण आभार मानायचे आहेत ते मुख्यतः पुढच्या गोष्टीसाठी. हे सगळे बदल ज्यावर तासभर खपून केले होतेत, तो तुमचा थर तुम्ही माझ्यासमोर पुसून टाकलात आणि म्हणालात, "आता तू काढ." तो ठेवला असता तर मी त्यावरच रंग भरून मोकळी झाले असते. पुसलात, म्हणून ते चित्र माझं राहिलं.

ते आता पूर्ण झालंय, सोबत पाठवते आहे. मधल्या रांगेचा पायथा धुक्यात अजून थोडा विरायला हवा, असं मला वाटतं. सवड मिळेल तेव्हा बघाल का?

तुमची,
दरीच्या चित्रवाली