मोटारीवर सायकल बांधताना

महोदय,

सुटीला मोटारीवर सायकली बांधून निघणारी कुटुंबे आता सर्रास दिसतात. त्या बांधणीतील निष्काळजीपणा पाहून हे पत्र लिहीत आहे. रॅक घेताना बहुतेक जण किती सायकली मावतील एवढेच विचारतात, परंतु खरा प्रश्न वजनाचा असतो. टपाच्या भारमर्यादेत रॅकचे स्वतःचे वजनही धरावे लागते, आणि बॅटरीवर चालणारी सायकल अनेकदा 20 ते 25 किलोंची असल्याने डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायच्या रॅकवर ती न चढवलेलीच बरी. कार्बनच्या फ्रेमला क्लॅम्प आवळण्यापेक्षा चाके धरून ठेवणारा रॅक निवडावा.

निघताना पट्टे कितीही ताणले तरी हादऱ्यांनी सैल होतात. माझ्या सायकलीच्या पेडलने असाच मागच्या काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटवला. तेव्हापासून मी पहिल्या 10-15 किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक बकल हाताने ओढून पाहतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. टपावर सायकल आहे हे विसरून कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरणारे महाभागही असतात. त्यांनी एकूण उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी.

आपला,
एक सायकलस्वार