तात्यांची लाख आणि माझी दारं

म्हार्दोळ,
२३ मे

प्रिय भाई,

चतुर्थीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर 'बरं आहे' म्हणून ठेवून दिला, ते मनाला लागून राहिलंय. आईचे गुडघे तसेच, माझी साखर ताब्यात. पुरे.

लिहितोय ते दारांपायी. आतली जुनी दारं वाळवीने खाल्ली, तुला ठाऊकच आहे. नवीन दारांना मुलीने ओक निवडला, बाहेरून येणारा पांढरा ओक. मी सागवानासाठी भांडलो. पण रंधा फिरल्यावर आतली नक्षी दिसली आणि गप्प झालो. आता पाच झडपा पडवीत कोऱ्या उभ्या आहेत, मिरग पंधरा दिवसांवर आलाय, आणि पॉलिश ठरत नाही.

परवा मेस्ताने, आपल्या सुताराने, एका तुकड्यावर स्टील वूल घासलं आणि वरून पाण्यातलं पॉलिश मारलं. सकाळी बघतो तर निळे-काळे ठिपके! तात्या हिरडा नि हिराकस घालून शाई करायचे ना, तेच. ओकमध्ये टॅनिन भरपूर, त्याला लोखंड आणि ओल भेटली की शाईच होते. (तुझ्या सदऱ्यावर ती बाटली मांजराने सांडली होती. चाळीस वर्षं झाली, आता तरी मान.) ऑक्झॅलिक ॲसिडने डाग गेले, पण त्या क्षणी तू शेजारी हवा होतास.

तेव्हापासून उरलेल्या तुकड्यांवर नमुने करतोय. अळशीच्या तेलाने लाकूड खुलतं, पण ते सुकायला दिवसच्या दिवस घेतं आणि आपल्या पावसात बुरशी धरतं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा केला की तात्या केवढे ओरडायचे, आपोआप पेटतात म्हणून! मी त्या दोरीवर पसरून वाळवल्या. थिनरचं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) कणखर, पण मधासारखं पिवळं होत जातं. पाण्यातलं जवळजवळ बेरंग राहतं, मुलीला तेच हवंय. पहिल्या हाताला तंतू उभे राहतात, ते २२० नंबरच्या पेपरने हलके घासावे लागतात, एवढंच.

आणि लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापूस बांधून, तात्यांसारखा गोल हात फिरवत आठ हात दिले. इतकं सुंदर लाकूड मी आजवर बघितलं नव्हतं. मग त्यावर रात्रभर गार पाण्याचा तांब्या ठेवला. सकाळी पांढरं कडं. देवळातल्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पुजेच्या रात्री तू हेच सांगत होतास, लाखेला ओल सोसत नाही म्हणून, आणि मी तुला 'बापाची विद्या विसरलास' म्हटलं. ते शब्द मागे घेतो, भाई.

तरी घरात तात्यांचा हात कुठेच नसावा, हे मला सोसवत नाही. म्हणून मनात असं आहे: खाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात, वर पाण्यातल्या पीयूचे तीन. मेण राहिलं तर पीयू धरत नाही, तेव्हा साधा चपडा, मेणासकटची लाख, चालायचा नाही. वरच्या-खालच्या कडांनाही तेवढेच हात; कडा कोऱ्या राहिल्या की लाकूड तिथून ओल पितं आणि श्रावणात दार चौकटीत अडकतं. तुला पटतं का? तात्यांना पटलं असतं का? हे सांगणारा तूच उरलास.

धाकटीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. पुण्यात मेण काढलेली फिकी लाख मिळाली तर अर्धा किलो लगेच पाठव. मेस्त सोमवारी येतोय, त्याला गुरुवारपर्यंत थोपवून धरतो.

तुझाच,
दादू