नावी भाषेची विशेषणे मराठीतून शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सादर प्रणाम.

नावी भाषेतील विशेषणे आपण मला ज्या रीतीने समजावून दिलीत, त्याबद्दल खासगी निरोपातून आभार मानणे मला अपुरे वाटले. ही भाषा शिकू पाहणाऱ्या इतर मराठी भाषकांच्याही ते विवेचन उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

जेम्स कॅमेरॉन यांच्या २००९ सालच्या ‘अवतार’ चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञांनी ही भाषा रचली. तिचे व्याकरण इंग्रजीतून वाचताना नियम कळत होता, पण त्यामागची दृष्टी हाती लागत नव्हती. आपण मात्र सुरुवातच आपल्या शालेय व्याकरणातील अधिविशेषण आणि विधिविशेषण या दोन संज्ञांपासून केलीत. ‘मोठे झाड’ आणि ‘झाड मोठे आहे’ यांतला जो भेद मराठी केवळ शब्दक्रमाने दाखवते, तो नावी भाषा शब्दाच्या रूपातच दाखवते, हे आपले एक वाक्य माझ्यासाठी निर्णायक ठरले.

‘त्साव्ल’ म्हणजे मोठे किंवा उंच आणि ‘उत्राल’ म्हणजे झाड. ‘उत्राल लू त्साव्ल’, म्हणजे ‘झाड मोठे आहे’, या वाक्यात विशेषण मूळ रूपातच राहते. पण तेच नामाला थेट जोडायचे झाले की मध्ये ‘आ’ यावा लागतो. ‘त्साव्ला उत्राल’ म्हणा किंवा ‘उत्राल आत्साव्ल’ म्हणा, अर्थ एकच. हा ‘आ’ रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कडीसारखा असून तो नेहमी नामाच्या बाजूलाच लागतो, हे आपण दोन्ही रूपे एकाखाली एक लिहून दाखवलेत. त्यानंतर विशेषण आधी की नंतर हा प्रश्नच उरला नाही. नामाच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी असल्यामुळे ‘लोरा उत्राल आत्साव्ल’, म्हणजे ‘सुंदर मोठे झाड’, ही रचनाही आपोआप उलगडली. (‘त्साव्ल’मधला पहिला ध्वनी हा आपल्या ‘चूल’ आणि ‘चमचा’ यांतला च आहे, ही आपली सूचनाही मला फार मोलाची वाटते, इंग्रजीतून शिकणाऱ्याला शब्दारंभी जो कष्टाने साधावा लागतो, तो आपल्या जिभेवर उपजतच असतो.)

आपण सर्वाधिक वेळ दिलात तो विभक्तीला, आणि तेच योग्य होते. मराठीत ‘मोठे झाड’चे ‘मोठ्या झाडाला’ होते, ‘मोठा’, ‘मोठी’, ‘मोठे’ अशी रूपे लिंगानुसार पालटतात. त्यामुळे विशेषणाने नामाच्या मागे चालावे अशी आपल्या कानांची अपेक्षा असते. नावीमध्ये ‘ओएल त्से'आ उत्रालित आत्साव्ल’, म्हणजे ‘मी मोठे झाड पाहतो’, या वाक्यात कर्माचा प्रत्यय एकट्या नामाला लागतो, आणि ‘आयउत्राल’ असे अनेकवचन झाले तरी ‘आत्साव्ल’ जसेच्या तसे राहते. आपल्या ‘लाल’, ‘सुंदर’ या अविकारी विशेषणांची आठवण करून देऊन, नावीची सगळीच विशेषणे त्या जातीची समजावीत, असे आपण सांगितलेत. इतका नेमका दुवा मला कोणत्याही पाठात आढळला नव्हता.

‘ले’ने सुरू होणाऱ्या साधित विशेषणांचा अपवादही आपण वेळेवर सांगितलात. ‘फ्पोम’ म्हणजे स्वास्थ्य, शांती, त्यापासून ‘लेफ्पोम’. असे विशेषण नामानंतर आले की ‘आ’ सहसा गळतो, म्हणून सकाळचे अभिवादन ‘रेवोन लेफ्पोम’ असे होते. तेच विशेषण आधी घेतले तर मात्र ‘लेफ्पोमा रेवोन’ असेच म्हणावे लागते. रंगांविषयी आपण थोडक्यात लिहिलेत, तरी ‘एआन’ या एकाच शब्दात निळा आणि हिरवा हे दोन्ही रंग येतात आणि भेद दाखवायचाच असेल तर त्वचेचा किंवा पानाचा आधार घेतात, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

आपल्या नोकरीच्या व्यापातून, परदेशातल्या वेळेशी आमची वेळ जुळवून, आपण प्रत्येक शंकेला सविस्तर मराठीत उत्तर दिलेत, याचे ऋण मी मानतो. एक विनंती आहे. ‘उत्राल आ लू त्साव्ल’, म्हणजे ‘जे झाड मोठे आहे ते’, या रचनेत तोच ‘आ’ सुटा होऊन अख्खे वाक्य नामाला जोडतो, असे आपण जाता जाता म्हणाला होतात. आपल्या ‘जो-तो’ वाक्यांशी त्याची तुलना करून हा भाग सवडीने समजावून द्यावा.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी