अण्णा, वाडी पुन्हा उभी राहिली

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन बोलले असते, पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही उठून वाडीत जाता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या वाडीतल्या पोफळी (सुपारीची झाडं) मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, विहिरीकडे जायला वाट उरली नाही. ती मोकळी करायची सगळ्यांनाच घाई होती. तुम्ही माझ्या दिराच्या हातातली कोयती काढून घेतलीत. "आधी बुंधे मोजा, चुन्याची खूण करा, तलाठ्याला दाखवा, मग तोडा." तुमची स्वतःची वाडी तेव्हा तशीच पडलेली होती.

सरकारने मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. आकडा ऐकायला मोठा, पण आमची वाडी दहा गुंठ्यांची. म्हणजे पाच हजार, तेही सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांत वाटून. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे २.७ मीटरवर लावल्या तरी हेक्टरी साधारण १,३७० पोफळी बसतात, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. आपल्या जुन्या वाड्या तर त्याहून दाट. वर माड, पोफळीवर मिरवेल, सावलीत जायफळ नि केळी. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, हे ज्याने लहानपणापासून वाडी शिंपली त्यालाच कळतं. तुम्ही जिल्हा परिषदेत निवडून गेलात तेही वाडीतूनच, आणि हा हिशेब तिथे कागदावर मांडून दाखवलात. मागणी किनाऱ्यावरच्या अनेकांची होती, पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत द्यायचं ठरलं. आमच्या आळीसाठी मात्र पहिला शब्द तुम्ही टाकलात.

आणि सामाईक सातबारा! मुंबईचे चुलत दीर, सुरतची आत्या, एकेकाची संमती हवी. तुम्ही ओटीवर बसून एकेकाला फोन लावलात, संमतीपत्राचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहिलात. एका घरात दोन पिढ्यांचा अबोला होता. तिथे तर तुम्ही स्वतः गेलात, काय बोललात ते आजवर सांगितलं नाहीत. सही आली. असं काम कुठल्याही अहवालात लिहिलं जात नाही, पण आमचे पैसे सुटले ते त्यामुळेच.

त्या पैशांतून, तुमच्या सांगण्यावरून, श्रीवर्धनी रोठ्याची, म्हणजे आपल्याकडच्या सुपारीच्या जातीची, रोपं लावली. यंदा काही झाडांना पोय (फुलोरा) आली आहे.

आता निवडणूक लढवणार नाही म्हणता. तो निर्णय तुमचा, शरीरही थकलंय. एक मागणं मात्र आहे. नवीन कुणी निवडून येईल त्याला एकदा आमच्या ओटीवर घेऊन या आणि दहा गुंठ्यांचा सामाईक सातबारा कसा वाचायचा ते शिकवा.

तुमची,
खालच्या आळीतली सूनबाई