मंगळवार-गुरुवार सोडून

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय छकुली,
येशूच्या नावात सलाम.

परवा तू म्हणालीस, "पप्पा, आता पुण्याला या कायमचे. आराम करा." मी हो हो केलं. फोनवर मला नाही म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात उपासनेत दानाची थैली माझ्या हातून निसटली. नाणी बाकांखाली गडगडली, संडेस्कूलची पोरं गोळा करत फिरली. नंतर एकजण मायेनंच म्हणाला, "दादा, आता तुम्ही बसून घ्या." मायेचं बोलणं जास्त लागतं बघ. पुढचे दोन रविवार गेलोच नाही. तुझ्या आईला गुडघ्याचं कारण सांगितलं. (गुडघा दुखतो, पण इतका नाही.)

त्या रुसव्यात बायबलातलं यहोशवाचं पुस्तक उघडलं. त्यातला कालेब पंच्याऐंशीचा झालाय आणि म्हणतो, तो डोंगराळ मुलूख मला दे. मला हसू आलं. इथे जिना चढवत नाही, डोंगर कुठला मागू!

मिलच्या साचेखात्यात, मागांवर, माझ्यासोबत असलेले अण्णा आठवतात तुला? मिल बंद पडल्यावर मी वॉचमन झालो, ते घरी टॉवेलचे माग चालवायचे. आता लकव्यानं पडून आहेत, पूर्व भागात. मराठी अडखळते, तेलुगूच बोलतात. मिलमध्ये कानावर पडलेल्या तेलुगूवर माझं निम्मं भागतं. मंगळवारी आणि गुरुवारी जातो. उन्हाच्या आत, सकाळी आठला. चहा बशीत ओतून पाजतो. दाढी नातू करतो, माझा हात थरथरतो ना. समोर भिंतीवर मार्कंडेयाचा फोटो. एकदा माझा हात धरून म्हणाले, "तुझ्या देवालाही सांग की." तेव्हापासून उठताना प्रार्थना करतो. मराठीतच. ते डोळे मिटून घेतात.

पुण्याला येताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तेव्हा मी खिडकीशी सरकतो. तिथेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १९२१ साली त्यांची मनोरमा गेली, एकुलती एक. बाईंना तेव्हा ऐकूही नीट येत नव्हतं. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. त्यांची सर मला कुठली! पण पोटची मुलगी गेल्यावर बाई सकाळी उठून पुन्हा कागदांपुढे कशा बसल्या असतील, हे मनात येतंच.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं. गुडघे टेकवत नाहीत, मग कॉटवर बसूनच प्रभूशी बोलतो. कधी उत्तर आल्यासारखं वाटतं, कधी नुसता पंखा ऐकू येतो.

तर पुण्याला येईन, पण शुक्रवारी येऊन सोमवारी परत. शेंगाचटणी आणतो. आणि तिकडे मोठ्या अक्षरातलं तेलुगू स्तोत्रांचं पुस्तक मिळालं तर घेऊन ठेव. मला ती लिपी येत नाही, पण नातू वाचून दाखवीन म्हणालाय.

तुझे,
पप्पा