लिस्बनच्या ताईंना, बूमहून परतल्यावर

ताई, सप्रेम नमस्कार.

खासगीत आभार मानले असते तर तुम्ही 'बरं बरं, जेवलात का' म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. बूम फेस्टिव्हलला, म्हणजे पोर्तुगालमधल्या सायट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मेळ्याला, जाऊ पाहणाऱ्या इतर मराठी मंडळींच्याही ते उपयोगी पडेल. 'काय न्यायचं' याच्या याद्या कोणीही देतं. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंत, त्यामुळे यादीत नसलेली अडचण आली तरी डोकं चाललं.

सुरुवात व्हिसाच्या फाइलपासून. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण कागद अपुरे वाटले तर पंचेचाळीसपर्यंत जातात, हे तुम्ही बजावलंत. 90 युरो फी आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गोम राहण्याच्या पुराव्यात आहे. बूममध्ये तंबूची जागा तिकिटातच येते, त्यामुळे त्या रात्रींचं हॉटेल बुकिंग नसतं आणि फाइल बघणाऱ्याला तिथे भोक दिसतं. तुम्ही सांगितलेला उपाय साधा होता: तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा, 'कॅम्पिंग तिकिटात समाविष्ट' असं कव्हरिंग लेटरमध्ये तारखांसह लिहा आणि आधीच्या-नंतरच्या लिस्बनच्या रात्रींचं बुकिंग जोडा. एकही रात्र मोकळी सोडू नका. (आजी-आजोबांच्या पुण्याईने पोर्तुगीज पासपोर्ट मिळालेल्या गोंयकारांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचा हेवा वाटण्यापलीकडे आपण काय करणार!)

खाऊच्या पिशवीला तुम्ही कात्री लावलीत तेव्हा सगळे हिरमुसले होते. पण नियम नियम आहे: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाची गोळीसुद्धा घरीच. ताज्या फळांना नि पानांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे आंबे आणि कढीपत्ता बाद. मेटकूट, भाजणी, खाकरे, दाण्याची चटणी चालते, आणि तिथे तीच जास्त कामाला येते. विमानाचंही तेच. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे 74 वॉट-तास, 100 च्या आत, तेव्हा ती हातातल्या बॅगेतच. तंबूच्या लोखंडी खुंट्या नि हातोडी मात्र चेक-इनमध्ये. गॅसचं डबडं कुठेच नाही. तसंही बूमवर चूल पेटवायला मनाई आहे आणि ती का, हे पोर्तुगालमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. 2017 च्या जूनमध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात 66 माणसं गेली. बिडी-सिगारेटवाल्यांनी खिशात झाकणाची राखदाणी बाळगावी, हा तुमचा आग्रह त्यामुळेच.

आता तंबू. यासाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. बूम भरतो तो इदान्या-आ-नोव्हा हा स्पेनच्या सरहद्दीजवळचा कोरडा भाग. जुलैत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पहाटे पंधरा-सोळावर उतरतो. जमीन भाजून कडक झालेली, खाली खडक. तंबूसोबत येणाऱ्या काडीसारख्या खुंट्या दोन ठोक्यांत वाकतात, प्लॅस्टिकच्या तर फुटतातच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या जाड पोलादी खुंट्या, माथा तंबूपासून बाहेरच्या अंगाला झुकवून ठोकल्या की दोरीचा ताण खुंटीला उपटत नाही, जमिनीत रोवतो. जिथे खुंटी जातच नाही तिथे अर्धी बाटली वापरलेलं पाणी ओतून दहा मिनिटं थांबायचं. तरीही नाहीच गेली तर दोरी मोठ्या धोंड्याला बांधायची.

सावलीच्या कापडाचं गणितही तुमचंच. कापड तंबूला टेकलं तर ऊन आत झिरपतंच, फक्त रंग बदलून. तंबू आणि कापड यांच्यात हातभर पोकळी हवी, दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या. आणि कापडाची सगळ्यात खाली ओढायची बाजू पूर्वेची. लोकांना वाटतं दुपारचं ऊन वाईट. पण सायट्रान्सवर रात्र काढलेला माणूस झोपायला येतो सकाळी, आणि नेमकं तेव्हाच ऊन पूर्वेकडून आडवं येतं. आठ वाजता तंबूची भट्टी होते आणि झोप तिथेच संपते.

झोपेबद्दल तुमची युक्ती तर घड्याळाकडे बघूनच सुचलेली दिसते. उन्हाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेचार तास मागे असतो. पुण्याचे सकाळचे साडेसहा म्हणजे तिथले रात्रीचे दोन. शरीराला पहिले काही दिवस तिथल्या रात्री आठला झोप येणार, येऊ द्यायची! तीनला उठून तोंड धुऊन डान्स टेम्पलला, म्हणजे बूमच्या मुख्य नाचाच्या मंचाकडे, जायचं, तेव्हा गर्दी पातळ झालेली असते, हवा गार असते आणि सहा वाजून गेल्यावर सूर्य वर येईपर्यंतचा बहराचा काळ हाती लागतो. जेटलॅगशी झगडणारे बरोबर तेव्हाच पेंगत असतात.

पाण्याचं म्हणाल तर नळ जागोजागी आहेत, चूक होते ती ओआरएसमध्ये. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते रिकामं केलं तर द्रावण दुप्पट घट्ट होतं, तहान वाढते, वर पोट बिघडतं. 'चव आवडत नाही म्हणून कमी पाण्यात पटकन संपवते' म्हणणाऱ्यांना तुम्ही ऐकवलंत ते योग्यच. आणि नुसतंच साधं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे. घामातून मीठ जातं, ते भरून निघायला हवं. धुळीसाठी रुमालाऐवजी एन-95 मास्क, रात्री नाकात सलाइनचे थेंब, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा. हजारो पाय एका तालात नाचले की जी माती उडते ती पिठासारखी बारीक असते, सुती कापड ती अडवत नाही.

एका विषयावर बोलायला सगळे लाजतात, तुम्ही नाही लाजलात. बूमची शौचालयं कंपोस्टची आहेत. आपण सवयीने तांब्याभर पाणी ओतलं तर खालच्या ढिगात हवा खेळत नाही, कुजण्याऐवजी तो सडतो आणि वास सुटतो. म्हणून आत कागद आणि वर मूठभर भुसा. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, त्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात आणि ते कुजत नाहीत. पाण्याशिवाय चैन पडत नसेल तर नंतर सरळ शॉवर गाठायचा. शेजारच्या तळ्यात मात्र साबण नाही, शाम्पू नाही, आणि खडकावरून सूर मारणं तर नाहीच नाही. खाली ग्रॅनाइट किती खोलीवर आहे ते वरून कळत नाही.

कानांचा हिशेबही लिहून ठेवण्याजोगा. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 ला जेमतेम पाव तास. फोमचे बोळे लावताना विरुद्ध हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा बारीक वळून आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. नुसता कोंबला तर तो बाहेरच फुगतो, उपयोग शून्य.

पोर्तुगालच्या अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल आपल्याकडे भलतेच समज आहेत, तेही तुम्ही खोडलेत. 2001 पासून वैयक्तिक वापरापुरतं जवळ बाळगणं तिथे फौजदारी गुन्हा नाही, पण परवानगीही नाही. माल जप्त होतो, व्यसनापासून परावृत्त करणाऱ्या आयोगापुढे उभं राहावं लागतं. विकणं तर सरळ गुन्हाच. कोणी घाबरंघुबरं झालं, गोंधळलं, तर बूमवर कॉसमीकेअर या मानसिक आधार देणाऱ्या गटाची माणसं रात्रंदिवस बसतात. ती दटावत नाहीत, आणि त्यांच्याकडे जायला अमुक घेतलेलंच असावं अशी अटही नाही. उन्हाने किंवा गर्दीने जीव घाबरला तरी चालतं. हे आधी माहीत असलेला माणूस वेळेवर मदत मागतो.

फेस्टिव्हल संपल्यावर एक दिवस इदान्या गावात थांबा, हा सल्ला आम्ही जवळजवळ गाळणार होतो. 2015 पासून युनेस्कोच्या संगीत-शहरांच्या यादीत असलेलं ते लहानसं गाव, आणि तिथल्या बायका दोन्ही हातांत धरून वाजवतात तो चौकोनी डफ, आदुफे. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर रुजलेला ट्रान्स 1997 पासून बूमच्या निमित्ताने पोर्तुगालात पोचला ते ठीक, पण ज्या मातीत तो नाचतोय तिचा स्वतःचा ताल वेगळाच आहे.

तुमच्या वेळेचं मोल लावायचं धाडस करत नाही. खुंट्या, हातोडी आणि सावलीचं कापड धुऊन तुमच्या माळ्यावर ठेवलंय. पुढच्या खेपेच्या मंडळींना द्या, त्यांचं वजन वाचेल.

आपले कृतज्ञ,
पुणे, ठाणे आणि मडगावची मंडळी

ता. क. – यादीत एक भर घाला: छत्री. प्रवेशाच्या रांगेत ऊन थेट डोक्यावर असतं आणि टोपी मान झाकत नाही. बाहेरून चंदेरी, घडीची, आणि माणशी तीन लिटर पाणी.